विमानाची निगा आणि हातातील हत्यारे

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक, माध्यमिक शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विमानाविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात प्रथम वैमानिक उभा राहतो. त्याचा पोशाख, त्याचे धैर्य, त्याच्या पुढ्यातील असंख्य तबकड्या आणि कळा यांचे वर्णन वक्त्याकडून अपेक्षिले जाते. मला आज त्याच्याविषयी काही सांगावयाचे नाही. विमान जमिनीवर असताना त्याच्या पोटाखाली उताणा पडून, बॅटरीच्या उजेडात, पक्कडीने तार पिळीत बसलेला जो कारागीर असतो त्याच्याविषयी, आणि खरे म्हणजे त्याच्या हातातील पक्कडीविषयी मी बोलणार आहे.

ही हत्यारे आपणांस अपरिचित नाहीत. पाना, पक्कड, पेचकस, हातोडी, छिन्नी, कानस, शेगडा, गिरमिट ही गावच्या लोहाराकडे, एस. टी.च्या आगारात आणि पाणीपुरवठा योजनेच्या पंपघरात दिसणारी मंडळीच विमानाच्या कार्यशाळेतही दिसतात. त्यांचे पोलाद अधिक चांगले असते, घडण अधिक काटेकोर असते, इतकेच. अमेरिकी बनावटीच्या विमानांची मापे इंचात असतात, रशियन बनावटीची मिलिमीटरमध्ये. म्हणून दोन्ही प्रकारचे पाने एका पेटीत मिसळू देत नाहीत. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या चाकीवर बसल्यासारखा वाटतो, पण तो तीन दशांश मिलिमीटर सैल असतो. जोर लावला की चाकीचे कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी कोणताच पाना तिला धरीत नाही. आपल्याकडील किती पंपांच्या चाक्या अशा गोल होऊन बसल्या आहेत, हे पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.

पहिले विमानच मुळी अशा साध्या हत्यारांतून निघाले. अमेरिकेतील डेटन या गावी राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्यांना हवे होते तितके हलके इंजिन कोणी कारखानदार देईना, तेव्हा दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने ते सहा आठवड्यांत तयार केले. त्याच्याजवळ एक लेथ, एक छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि हातची हत्यारे एवढीच सामग्री होती. इंजिनाचा मुख्य वळणदार दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, तो त्याने पोलादाच्या जाड पाटीवर आखला, रेषेच्या कडेने छिद्रे पाडली, नको असलेला भाग हातोडी-छिन्नीने उडविला आणि मग उरलेला तुकडा लेथवर चढविला. साधारण बारा अश्वशक्तीच्या त्या इंजिनावर १७ डिसेंबर १९०३ रोजी मानवाने यंत्राच्या बळावर पहिले नियंत्रित उड्डाण केले. राइट बंधूंची नावे शाळकरी मुलांस पाठ असतात. टेलरचे नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. अमेरिकेत मात्र त्याचा जन्मदिवस, २४ मे, विमान-तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.

आपल्याकडची हकीकतही फार वेगळी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. बिऱ्हाड म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक. वैमानिकांइतकेच यांत्रिक होते, याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

रिव्हेट, ठोकळा आणि शीतकपाट

विमानाचे अंग बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्यांचे असते आणि ते पत्रे एकमेकांस रिव्हेटांनी जोडलेले असतात. जंबो जेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ७४७ जातीच्या विमानात सुमारे साठ लाख सुटे भाग असतात आणि त्यांतील निम्मे निव्वळ जोडणीचे, म्हणजे रिव्हेट, बोल्ट, स्क्रू वगैरे असतात. अलीकडच्या काही विमानांत कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा वापर वाढला आहे, तरी रिव्हेटचे राज्य अद्याप संपलेले नाही.

रिव्हेट मारणे हे दोघांचे काम. एक जण हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटच्या तयार डोक्यावर धरतो. दुसरा पत्र्याच्या पलीकडे, कित्येकदा शेपटीच्या अंधाऱ्या पोकळीत आखडून बसून, रिव्हेटच्या शेपटावर पोलादी ठोकळा दाबून धरतो. हातोडीच्या ठोक्यांनी शेपूट चेपते आणि दुसरे डोके तयार होते. दोघे एकमेकांस दिसत नाहीत आणि आवाजामुळे ऐकूही येत नाही. म्हणून ठोकळेवाला पत्र्यावर टकटक करून निरोप देतो. एक टकटक म्हणजे अजून थोडे मार. दोन म्हणजे झाले, ठीक आहे. तीन म्हणजे बिघडले, काढून टाक. या तीन शब्दांच्या भाषेवर कित्येक पिढ्यांची विमाने बांधली गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि इंग्लंड या देशांत हे काम लाखो स्त्रियांनी केले. हातात कौशल्य असावयास पुरुषच असावे लागते, ही समजूत त्या कारखान्यांत निकालात निघाली.

रिव्हेटचे छिद्र रिव्हेटच्या जाडीपेक्षा इंचाच्या तीन ते चार हजारांश भागाइतकेच मोठे ठेवतात. चेपलेल्या डोक्याची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, असा नियम आहे. कारागीर तो मापपट्टीने तपासतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने नजरेनेही ओळखतो. पण नजरेवर सोडीत नाही.

यात एक गंमत आहे, ती विज्ञान-शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. काही मजबूत मिश्रधातूंचे रिव्हेट उष्णोपचारानंतर पाण्यात विझविले की काही काळ मऊ राहतात आणि मग नुसत्या हवेत ठेवूनही आपोआप कठीण होत जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला हा गुणधर्म सापडला आणि त्यातून ड्युरॅल्युमिन आले. असे रिव्हेट मऊ असतानाच मारले पाहिजेत. म्हणून विझविल्याबरोबर ते शीतकपाटात ठेवतात. थंडीत त्यांचे कठीण होणे मंदावते. एका जातीचा रिव्हेट बाहेर काढल्यावर साधारण तासाभरात, तर दुसऱ्या, अधिक कणखर जातीचा दहा ते वीस मिनिटांत मारावा लागतो. विमानाच्या कार्यशाळेतील शीतकपाट उघडून आत सरबताऐवजी रिव्हेटांच्या डब्या पाहिल्या म्हणजे नवख्या माणसास हसू येते.

पण या कामात चूक झाली तर हसण्यासारखे काही उरत नाही. १९७८ साली जपान एअरलाइन्सच्या एका ७४७ विमानाची शेपूट उतरताना धावपट्टीवर घासली आणि शेपटीकडील दाबाचा पडदा दुखावला. दुरुस्ती विमान बांधणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केली. जोडावर एकसंध पट्टी बसवावयाची होती, तेथे दोन तुकड्यांची पट्टी बसविली गेली. त्यामुळे रिव्हेटांच्या दोन ओळींनी वाहावयाचा भार एका ओळीवर पडला. विमान सात वर्षे उडत राहिले. प्रत्येक उड्डाणात आतील हवेच्या दाबाने तो जोड थोडा थोडा थकत गेला, आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी पडदा फाटला. ५२० माणसे दगावली, चार वाचली. एकाच विमानाच्या अपघातात इतकी जीवितहानी त्यापूर्वी वा त्यानंतर कधी झालेली नाही.

निषिद्ध पेन्सिल

शिक्षक मित्रांस आश्चर्य वाटेल, पण विमानाच्या पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढणे हा अपराध मानला जातो. पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा आला की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि रेघेच्या खालचा धातू खाल्ला जातो. लोखंडी आखणीने रेघ ओढणे त्याहून वाईट, कारण ओरखडा हाच पुढे तडा जाण्याचा आरंभ ठरतो. जी रेघ कापून टाकावयाची आहे तीच आखणीने ओढावी, बाकी सर्व खुणा ठरलेल्या शाईने कराव्यात, असा नियम आहे. ॲल्युमिनियमवर पोलादी ब्रशही चालत नाही. त्याचे कण पत्र्यात रुतून गंजास आमंत्रण देतात. कॅडमियमचा मुलामा दिलेला पाना टायटॅनियमच्या भागास लावीत नाहीत, कारण कॅडमियमच्या संसर्गाने टायटॅनियम ठिसूळ होऊ शकते. पाऱ्याचा तापमापक फुटून पारा विमानात सांडला, तर ती आणीबाणीच समजतात. पारा ॲल्युमिनियमला वाळवीसारखा पोखरतो. घरोघरी निरुपद्रवी असलेल्या वस्तू येथे अशा संशयित ठरतात. रसायनशास्त्राच्या तासाला ‘विद्युत्-घट’ हा धडा शिकविताना लिंबात खुपसलेल्या दोन पट्ट्यांच्या जोडीला या पेन्सिलीचे उदाहरण दिले, तर मुलांच्या ते लवकर ध्यानात राहील असे मला वाटते.

किती पिळावे

चाकी किती घट्ट करावी? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ‘हाताला लागेल तितकी’ असे असते, आणि पैलवान गड्याच्या हाताला ती जरा अधिकच लागते. विमानात प्रत्येक बोल्टला किती पीळ द्यावयाचा हे पुस्तकात छापलेले असते. सैल राहिला तर बोल्ट हलत राहून थकतो आणि तुटतो. अधिक पिळला तर त्याचे आटे ताणले जातात आणि तो आधीच अर्धमेला होऊन बसतो. हा पीळ मोजणारे हत्यार म्हणजे टॉर्क पाना. त्याच्या मुठीवरील मापावर हवा तो आकडा बसवावयाचा. तेवढा पीळ मिळताच पाना ‘टक्’ असा आवाज करतो आणि मुठीत किंचित सुटल्यासारखा भासतो. तेथे थांबावयाचे. एकदा आणखी ओढून पाहू, हा मोह येथे आवरावा लागतो.

या पान्याची गणिते माध्यमिक शाळेतील मुलेही करू शकतील. समजा, बोल्ट अडचणीच्या जागी आहे आणि पान्याच्या टोकाला सरळ रेषेत १० सेंटिमीटरचा जोडतुकडा लावावा लागला. पाना ३० सेंटिमीटर लांबीचा आहे आणि बोल्टला ५० न्यूटन-मीटर पीळ हवा आहे. पान्यावर ५० चा आकडा लावला तर बोल्टला प्रत्यक्षात अधिक पीळ बसेल. आकडा लावावयाचा तो ५० गुणिले ३० भागिले ४०, म्हणजे ३७.५. तोच तुकडा पान्याशी काटकोनात लावला तर मात्र आकडा बदलावा लागत नाही. तरफेचा हा नियम आपण सारे शिकलो. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे शाळेत आपणांस कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट घर्षणाची. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर चाकीखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. बोल्टला ताणण्याच्या कामी दहा टक्केच येतो. म्हणून आटे कोरडे आहेत की त्यांस तेल लावले आहे यावर सारे अवलंबून राहते. पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला तर बोल्ट ताणून तुटण्यापर्यंत मजल जाते. कारागिराने मायेने लावलेले तेल असे घातक ठरते.

टॉर्क पाना चाकी सोडविण्यासाठी वापरीत नाहीत, काम झाल्यावर त्याचा आकडा किमान मापावर आणून ठेवतात, आणि ठरावीक मुदतीने त्याची मापपडताळणी करून पुढील तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यावर लावतात. तारीख उलटून गेलेला पाना कितीही चांगला दिसला तरी तो वापरावयाचा नसतो. बाजारातील तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का नसेल तर आपण त्यावर धान्य घेत नाही, तसेच हे आहे.

चाकी घट्ट केल्यावरही काम संपत नाही. इंजिनाच्या थरथरीने ती सैल होऊ नये म्हणून बोल्टच्या डोक्यातील छिद्रातून बारीक तार ओवून, ती खास पक्कडीने पिळून शेजारच्या बोल्टला बांधतात. तार अशा बाजूने घ्यावयाची की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने दुसरा घट्ट व्हावा. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी झाले तर तार ढिली, अधिक झाले तर तीच ठिसूळ होऊन तुटते. एकदा काढलेली तार पुन्हा वापरीत नाहीत. चार आण्याची तार वाचविण्याची काटकसर या धंद्यात कोणास शोभत नाही.

नव्वद बोल्टांची गोष्ट

हत्यार, माल आणि माणूस यांचे नाते किती नाजूक असते हे समजण्यासाठी १९९० सालची एक घटना जरा विस्ताराने सांगतो. १० जून रोजी सकाळी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान ८१ प्रवासी आणि सहा कर्मचारी घेऊन बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा येथे निघाले. सुमारे १७ हजार फुटांवर असताना वैमानिकापुढील काच एकाएकी निखळून उडाली. आतील हवेच्या लोटाबरोबर कप्तान टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदम्प्टन येथे सुखरूप उतरविले. कप्तानही वाचले.

चौकशीत जे निघाले ते आपल्या विषयाचे आहे. ती काच केवळ २७ तासांपूर्वी बदललेली होती. काच नव्वद बोल्टांनी बसवितात. त्यांतील ८४ बोल्ट जाडीत इंचाच्या २६ हजारांश भागाने, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटरने कमी होते. उरलेले सहा जाडीस बरोबर पण लांबीस कमी होते. हे काम ज्याने केले तो नवखा किंवा बेफिकीर नव्हता. तो पाळीचा प्रमुख होता. रात्रपाळीस माणसे कमी होती म्हणून त्याने स्वतः हात घातला. जुना काढलेला बोल्ट नमुना म्हणून घेतला आणि अंधुक उजेडातील खणांतून त्याच्याशी जुळणारे बोल्ट नजरेने आणि बोटांनी निवडले. वास्तविक तो नमुनाच मुळात चुकीचा, आखूड होता. आधीच्या कोणीतरी तो बसविला होता आणि चार वर्षे तो टिकला होता. कोणते बोल्ट लागतात, हे भांडारातील माणसाने त्याला सांगितलेही होते. पुस्तकातही क्रमांक होता.

आता हत्याराकडे पाहा. त्याच्या हातात पीळ मर्यादित करणारा पेचकस होता. ठरलेला पीळ मिळाला की तो टक् करून सुटतो. बोल्ट बारीक असल्याने त्याचे आटे समोरच्या चाकीच्या आट्यांवरून घसरत होते, आणि ते घसरणे हाताला पेचकसाच्या सुटण्यासारखेच लागत होते. हत्याराने जणू ‘झाले’ म्हणून सांगितले आणि कारागिराने त्यावर विश्वास ठेवला. बोल्टचे डोके खाचेत नेहमीपेक्षा खोल बसले होते, पण काम वाकून, दूरवर हात लांबवून करावे लागत असल्याने ते त्याच्या नजरेस आले नाही. ही काच बाहेरून बसविण्याची होती, म्हणजे आतील दाब तिला बाहेरच ढकलणार. आणि दुसऱ्या कोणी हे काम तपासावे असा नियम त्या वेळी या कामास लागू नव्हता.

या हकिकतीत कोणा एकाला दोषी ठरवून आपण मोकळे होतो तर मला वाटते आपण काहीच शिकलो नाही. चांगला कारागीर आपल्या हाताच्या अनुभवावर विसंबतो. तेच त्याचे भांडवल असते. पण ज्या खोलीत दिवा नीट नाही, खणांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत आणि माणसे पुरेशी नाहीत, तेथे तो अनुभव उलटतो. कार्यशाळेतील दिव्याच्या खर्चाची मंजुरी अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने ही हकीकत एकदा वाचावी.

मोजणी

विमानाच्या कार्यशाळेत पाहुण्यांना सर्वांत विलक्षण वाटते ती हत्यारांची मोजदाद. प्रत्येक पेटीत स्पंजाच्या तक्त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली असते; भिंतीवरील फळ्यावर हत्याराची आकृती रंगविलेली असते. पाना जागेवर नसला तर त्याची सावली तेवढी दिसते आणि ती सावलीच ओरडून सांगते की पाना बाहेर आहे. प्रत्येक हत्यारावर पेटीचा क्रमांक कोरलेला असतो. भांडारातून हत्यार घेताना कारागीर आपल्या क्रमांकाचा बिल्ला त्या जागी टांगतो. पाळी संपली की मोजणी. एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान सोडावयाचे नाही. पुसण्याच्या चिंध्यासुद्धा मोजून देतात आणि मोजून परत घेतात.

हा अतिरेक वाटत असेल तर अलीकडचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाच्या एका इंजिनाची लॉस एंजलिस येथे तपासणी झाली. इंजिनाचा आतला भाग हाताने फिरविण्यासाठी नायलॉनचे सव्वा मीटर लांबीचे एक साधन वापरतात. ते आतच राहिले. सुमारे २९४ तासांची ३४ उड्डाणे झाल्यावर, १ जानेवारी २०२४ रोजी, ते इंजिनातच सापडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दाखवून दिले की साधन परत आलेले नाही हे विमान सोडण्यापूर्वीच कळले होते. पण हरवलेल्या हत्याराच्या शोधाची जी ठरलेली रीत आहे ती सुरूच केली गेली नाही. मोजणी झाली होती, पण मोजणीचा अर्थ कोणी मनावर घेतला नव्हता.

पेरू देशातील १९९६ सालची घटना याहून करुण आहे. विमान धुताना त्याच्या अंगावरील हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रे चिकटपट्टीने झाकली होती. ती पट्टी काढावयाची राहून गेली. २ ऑक्टोबरच्या रात्री लिमाहून निघालेल्या त्या विमानाच्या वैमानिकांस आपली उंची आणि वेग खरा किती हे समजेना. सारे ७० जण समुद्रात बुडाले. चिकटपट्टीला कोणी हत्यार म्हणत नाही, म्हणून तिची मोजणीही झाली नाही.

पाळी बदलताना सांगावयाचे राहून जाणे हाही मोठा धोका. अमेरिकेत टेक्सास राज्यात ११ सप्टेंबर १९९१ रोजी एक छोटे प्रवासी विमान हवेतच मोडले आणि १४ जण मेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे वरच्या बाजूचे ४७ स्क्रू एका पाळीने काढले होते. दुसऱ्या पाळीस ते कोणी सांगितले नाही, लिहूनही ठेवले नाही. उघडे काम कागदावर लिहिल्याशिवाय कार्यशाळा सोडावयाची नाही, हा नियम तेव्हाही होता.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची परंपरा लहान नाही. मुंबईच्या सांताक्रूझ परिसरात एअर इंडियाच्या कार्यशाळांत कित्येक पिढ्या घडल्या. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला. ते विमान सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले, पण ओझरचे काम सुखोई आणि तेजस या विमानांवर चालू आहे. तेथेच हवाई दलाचा दुरुस्ती तळही आहे. नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र आहे. या ठिकाणी जाण्याची वाट आपल्या गावांतूनही निघते. बारावीस भौतिकी, रसायन आणि गणित घेतलेल्या मुलास किंवा मुलीस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेत विमान-देखभाल अभियंत्याचे शिक्षण घेता येते. परवाना मिळाल्यावर त्याच्या सहीनेच विमान उड्डाणास योग्य ठरते. जोडारीसारख्या व्यवसायांतील प्रमाणपत्रधारकांस विमान कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी मिळते. पालकांना यातील पहिली वाट थोडीफार ठाऊक असते. दुसरी बहुधा ठाऊक नसते.

परंतु तेथे पोचणाऱ्या मुलाच्या हातात कानस प्रथम कधी येते? वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी आणावे असे म्हटले. पुढे कार्यानुभव हा विषय आला आणि पुष्कळ शाळांत तो कागदी फुले करण्यात संपला. (कागदी फुलांशी माझे वैर नाही.) पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले प्रत्यक्ष जोडकाम, बांधकाम, वीज आणि शेती यांतून विज्ञान शिकतात, आणि तो अभ्यासक्रम मूलभूत तंत्रज्ञान म्हणून कित्येक माध्यमिक शाळांत गेला. ज्या शाळेत तो आहे तेथील शेगडा आणि कानशी यांची अवस्था मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन पाहावी, अशी माझी विनंती आहे.

पंचायत सदस्यांस हा विषय दूरचा वाटत असेल, तर तो आता तितका दूर राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२३ साली स्वयंसहायता गटांतील महिलांना शेतीवर फवारणीसाठी ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तिच्यात एका महिलेला वैमानिक म्हणून पंधरा दिवसांचे शिक्षण, आणि जोडकाम व विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीची आवड असलेल्या दुसऱ्या एका व्यक्तीला सहायकाचे शिक्षण अशी तरतूद आहे. ड्रोन हेही विमानच. औषधाची टाकी घेऊन तो माणसांच्या डोक्यांजवळून उडतो, आणि त्याचे पंखे बारीक स्क्रूंनी बसविलेले असतात. माझ्या अनुभवाने सांगतो, सारे कौतुक वैमानिक ताईच्या वाट्याला येईल; पण ड्रोन दुसऱ्या हंगामात उडेल की नाही हे त्या सहायकाच्या पेटीवर ठरेल.

ती पेटी कशी असावी हे सांगून मी थांबतो. उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या मापांच्याच ॲलन चाव्या आणि पेचकस घ्यावेत. बाजारातील पन्नास तुकड्यांचा स्वस्त संच घेऊ नये, त्यातील मऊ टोके स्क्रूची खाच पहिल्याच वेळी बिघडवितात. जेथे पिळाचा आकडा दिला आहे तेथे पीळ मर्यादित करणारा छोटा पेचकस घ्यावा. स्पंजाच्या जाड तक्त्यात प्रत्येक हत्याराची खाच कोरावी. गावातील सुतार किंवा चप्पल शिवणारा कारागीर हे काम तासाभरात करील. उड्डाणापूर्वी आणि फवारणीचे औषध धुऊन काढल्यानंतर हत्यारे मोजावीत, काढलेले स्क्रू झाकणाच्या डबीत ठेवावेत आणि अपुरे राहिलेले काम त्याच दिवशी वहीत लिहावे. यादीची एक प्रत पेटीच्या झाकणास आतून चिकटवावी, दुसरी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवावी, आणि हत्यार बदलले की दोन्ही प्रतींवर तारीख घालावी.